लघवीच्या घाईसाठी मूत्राशयात इंजेक्शन: बायका दाराबाहेर विचारतात ते प्रश्न

मुंबईत महापालिकेच्या एका रुग्णालयात मी बरीच वर्षं मूत्रविकार विभागाची परिचारिका होते. डॉक्टरांसमोर बायका मान डोलवतात, केसपेपर घेतात आणि बाहेर आल्यावर माझा हात धरतात: "सिस्टर, एक विचारू?" लघवीची अचानक येणारी घाई शांत व्हावी म्हणून मूत्राशयाच्या स्नायूत बोटॉक्सचं इंजेक्शन देतात, त्याबद्दलच्या दाराबाहेरच्या प्रश्नांची ही उत्तरं आहेत. तुमची तपासणी करणारे डॉक्टर तुमच्याबद्दल जे सांगतील ते आधी ऐका. हे वाचून त्यांना नीट प्रश्न विचारता आले तरी पुष्कळ झालं.

लागली की थांबतच नाही, दाराला चावी लावेपर्यंत होते. खोकताना होते तीही हीच का?

नाही, आणि हा फरक सगळ्यात आधी समजून घ्या. खोकताना, शिंकताना, बादली उचलताना थेंब जातात ती एक तऱ्हा. तिथे मूत्रमार्गाला खालून मिळणारा आधार सैल पडलेला असतो, आणि हे इंजेक्शन तिच्यावर चालत नाही. दुसरी तऱ्हा म्हणजे अचानक, जोरात, "आत्ताच्या आत्ता" अशी कळ येणं. नळाचा आवाज ऐकला की येते, घराचं दार दिसलं की येते, कधी पोचेपर्यंत राहत नाही. मूत्राशय पुरतं भरायच्या आधीच त्याचा स्नायू आवळतो म्हणून असं होतं. केसपेपरवर याला ओव्हरअॅक्टिव्ह ब्लॅडर किंवा नुसतं ओएबी लिहितात. अशी घाई असेल तर गळती झालीच पाहिजे असं नाही. दिवसातून आठापेक्षा जास्त वेळा जावं लागतं, रात्री दोन-तीनदा उठावं लागतं, एवढंही पुरतं. पुष्कळ बायकांना दोन्ही तऱ्हा एकत्र असतात. मग जास्त त्रास कुठल्या तऱ्हेचा ते डॉक्टरांना सांगता आलं पाहिजे, कारण इलाज त्यावर ठरतो.

वय झालं, तीन बाळंतपणं झाली, आता हे असंच राहणार ना?

वयानुसार हे वाढतं हे खरं. पण वाढतं म्हणून सोसायचं, हे मला कधीच पटलं नाही. पाळी गेल्यानंतर योनीमार्ग कोरडा पडतो आणि त्यामुळेही घाई वाढते. त्यावर लावायची साधी हार्मोनची क्रीम असते, डॉक्टरांना विचारा. अंग बाहेर येत असेल तर तेही सांगा. लाजून ते लपवलं की निदान चुकतं.

घरून निघताना पाणीच पीत नाही. तेवढ्यावर निभतं. मग इंजेक्शन कशाला?

हा प्रश्न खास मुंबईचा आहे. विरारहून चर्चगेटला साधारण दीड तास लागतो आणि लोकलमध्ये शौचालय नसतं. स्टेशनवरचं शौचालय कधी बंद, कधी तिथे पाय ठेववत नाही. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांकडून पैसे, या अन्यायाविरुद्ध याच शहरात २०११ साली 'राइट टू पी'ची चळवळ उभी राहिली. त्यामुळे बायका सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत घोटभर पाण्यावर राहतात. मला त्यांचा राग येत नाही, पण याने काम बिघडतं. पाणी कमी झालं की लघवी गडद होते, मूत्राशयाला झोंबते आणि घाई आणखी वाढते. वर उन्हाळी, म्हणजे लघवीची जळजळ आणि संसर्ग, लागते ती वेगळीच. दिवसभरात थोडं थोडं मिळून दीड-दोन लिटर प्या. संध्याकाळी सातनंतर कमी करा. आधी काही कमी करायचंच असेल तर चहा कमी करा. पाच कटिंग घेणाऱ्या बाईने ते दोनवर आणले आणि निम्मी घाई गेली, असं मी डोळ्यांनी पाहिलंय.

इंजेक्शनच्या आधी काय काय करून बघायला हवं?

तीन दिवसांची डायरी लिहा. स्वयंपाकघरातलं मापाचं प्लॅस्टिकचं भांडं वेगळं काढा. किती वाजता गेलात, किती मिली झाली, घाई होती का, कपडे ओले झाले का, एवढंच लिहायचं. मोठ्या माणसाच्या मूत्राशयात साधारण ४०० ते ५०० मिली मावते. तुमच्या डायरीत प्रत्येक वेळी ८०-१०० मिली दिसत असेल तर मूत्राशय भरायच्या आधीच आवळतंय. प्रत्येक वेळी ४०० दिसत असेल तर दोष मूत्राशयाचा नाही, लघवीच जास्त तयार होतेय. मग साखर तपासा, आणि चालू गोळ्या बघा. ब्लडप्रेशरसाठी पाणी काढणारी गोळी असते. मधुमेहाच्या डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, त्यानेही फेऱ्या वाढतात. या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका, पण चालू आहेत हे सांगा. मूत्राशयाचा इलाज महिनोन्महिने चालू आणि कारण मात्र सकाळच्या एका गोळीत, असंही होतं.

लघवीची साधी तपासणी आणि कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून बघायची तपासणी, करतात. सोनोग्राफी दोनदा करतात, एकदा भरल्यावर आणि एकदा जाऊन आल्यावर, म्हणजे आत किती उरते ते कळतं. हा उरलेला आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. लघवीत रक्त दिसलं तर ती नुसती घाई समजून गप्प बसू नका, दुर्बिणीची तपासणी लागते. पू-पेशी आहेत, कल्चरमध्ये काहीच उगवत नाही आणि वजन उतरतंय, असं असेल तर मूत्राशयाचा टीबी आहे का ते बघतात. आपल्या देशात हे विसरून चालत नाही.

मग येतो मूत्राशयाला वळण लावण्याचा सराव. कळ आली की धावायचं नाही. धावताना पोट हलतं, कळ वाढते. आहे तिथे थांबा, जमलं तर बसा, लघवी अडवताना आवळतो ते खालचे स्नायू पाच-सहा वेळा पटापट आवळून सोडा. कळेची लाट ओसरते. ओसरली की सावकाश जा. दोन फेऱ्यांमधलं अंतर दर आठवड्याला पंधरा मिनिटांनी वाढवायचं. हे निदान दीड-दोन महिने करावं लागतं. चाळीत गॅलरीच्या टोकाला सामाईक शौचालय असलेल्या बायकांना हे सांगताना मला अवघड जायचं, कारण तिथे रांगही असते. पण तिथेच याचा उपयोग जास्त झाला.

गोळ्या घेऊन झाल्या. तोंड कोरडं पडतं, पोट साफ होत नाही. आता?

सोलिफेनासिन, टॉल्टेरोडिन, ऑक्सिब्युटिनिन या जातीच्या गोळ्यांचा हा नेहमीचा त्रास. काचबिंदूचा एक प्रकार असेल तर त्या चालत नाहीत. वयस्कर माणसांत जास्त काळ घेतल्या तर स्मरणावर परिणाम होण्याची काळजी असते. मिराबेग्रॉन वेगळ्या वाटेने काम करते, तोंड तितकं सुकवत नाही, पण ब्लडप्रेशरवर नजर ठेवावी लागते. गोळ्यांनी भागलं नाही किंवा सोसवल्या नाहीत की इंजेक्शनचा विषय निघतो. एकेक पायरी चढतच इंजेक्शनपर्यंत यायला हवं, असा हट्ट आता अमेरिकेतल्या मूत्रविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०२४च्या सूचनांमध्ये सोडलाय. बाई आणि डॉक्टर मिळून ठरवू शकतात.

बोटॉक्स म्हणजे ते सिनेनट्यांच्या चेहऱ्याचं? ते तर विष ना?

औषध तेच. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जंतूपासून मिळतं आणि मोठ्या मात्रेत ते खरंच विष आहे. औषध म्हणून त्याची सुरुवात सौंदर्यासाठी झाली नव्हती. तिरळेपणा आणि पापण्या आपोआप मिटण्याचा आजार यांच्यासाठी अमेरिकेत १९८९ साली त्याला मान्यता मिळाली. मूत्राशयाच्या स्नायूत ते टोचून पाहिल्याचा पहिला मोठा अनुभव २००० साली स्वित्झर्लंडमधून आला, मणक्याला इजा झालेल्या रुग्णांवर. घाईच्या लघवीसाठी अमेरिकेतली मान्यता जानेवारी २०१३ची.

काम असं चालतं. मूत्राशय आवळण्याचा निरोप मज्जातंतूच्या टोकातून अॅसिटिलकोलिन या रसायनातून स्नायूला जातो. हे औषध त्या रसायनाची पुडी फुटूच देत नाही. निरोप पोचत नाही, स्नायू उगाच आवळत नाही. काही महिन्यांनी मज्जातंतू सावरतात आणि निरोप पुन्हा सुरू होतो. म्हणूनच गुण कायमचा नसतो, आणि नको असलेला परिणामही कायमचा नसतो.

कपाळावरच्या भुवयांमधल्या आठ्यांना २० युनिट देतात. घाईच्या लघवीला १०० युनिट. मणक्याच्या किंवा मज्जातंतूंच्या आजारामुळे मूत्राशय बिघडलं असेल तर २००. एका कंपनीची युनिट दुसऱ्या कंपनीच्या युनिटइतकी नसतात, म्हणून मागच्या वेळचं औषध कुठलं होतं ते कागद जपून ठेवा. चेहऱ्यावर किंवा मायग्रेनसाठी कुणी आधीच घेत असाल तर तेही सांगा, कारण तीन महिन्यांतल्या एकूण मात्रेला मर्यादा आहे.

कोणाला देत नाहीत?

लघवीत जंतुसंसर्ग असेल त्या दिवशी देत नाहीत, आधी तो बरा करतात. गरोदर असाल, दूध पाजत असाल किंवा तसा विचार असेल तर थांबायचं. मायस्थेनियासारखे स्नायू दुबळे करणारे आजार असतील तर धोका आहे. काही अँटिबायोटिक, विशेषतः जेंटामायसिन आणि अॅमिकासिनच्या जातीची, या औषधाचा परिणाम वाढवतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती किती दिवस थांबवायची हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच. आणि लघवी करूनही आत खूप उरत असेल, तर लघवी काढायची नळी घालायची तयारी असल्याशिवाय देत नाहीत.

फार दुखतं का?

मला वाटलं होतं हा प्रश्न सगळ्यात मोठा ठरेल. ठरतोही, आदल्या दिवसापर्यंत. आत गेल्यावर बहुतेक जणी म्हणतात, "एवढंच?" मूत्राशयात नळीने सुन्न करणारं पातळ औषध सोडतात आणि वीस-तीस मिनिटं ठेवतात. मग बारीक दुर्बीण. बायकांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा, त्यामुळे ती सहज जाते. तिच्यातून बारीक सुई आत जाते आणि स्नायूत साधारण २० ठिकाणी, एकमेकांपासून सेंटिमीटरभर अंतरावर, प्रत्येक ठिकाणी अर्धा मिली औषध टोचतात. प्रत्येक टोचीला चिमटा बसल्यासारखं होतं. सगळं पंधरा-वीस मिनिटांत आटपतं. फार भीती वाटत असेल तर थोडी गुंगी देतात, पण मग उपाशी यावं लागतं आणि सोबत माणूस लागतं.

झाल्यावर निदान अर्धा तास बसवून ठेवतात आणि लघवी झाली की सोडतात. पहिल्या एक-दोन दिवसांत जळजळ होते, लघवी गुलाबी दिसते. गाठी पडतील एवढं रक्त आलं तर परत या.

खरं सांगा, काय बिघडू शकतं?

आता तो प्रश्न, जो बायका विचारत नाहीत आणि मला विचारायला लावावासा वाटतो.

स्नायू शांत व्हावा म्हणून औषध दिलं. कधी तो गरजेपेक्षा जास्त शांत होतो. मग लघवी पूर्ण होत नाही, आत साचते. मोठ्या अभ्यासांत १०० पैकी पाच-सहा बायकांना काही काळ नळी वापरावी लागली. पाच-सहा म्हणजे थोड्याच. पण त्यात आपण असू शकतो, हे गृहीत धरूनच टेबलावर झोपायचं. माझं इतक्या वर्षांचं मत असं की इंजेक्शन घ्यावं की नाही हे सुईच्या भीतीवर ठरवू नये. "काही आठवडे मला स्वतःची नळी स्वतः घालावी लागली तर मी घालीन का?" या प्रश्नावर ठरवावं. उत्तर नाही असेल तर दुसरे इलाज आहेत, खाली सांगते.

म्हणून आधीच शिकून घ्या. इंजेक्शनच्या आठवडाभर आधी सिस्टरकडे एक वेळ मागा. नळी पातळ असते, कायम लावून ठेवायची नसते. दिवसातून ठरलेल्या वेळी घालायची, मूत्राशय रिकामं करायचं, काढायची. ती ऑपरेशन थिएटरसारखी निर्जंतुक लागत नाही. साबणाने धुतलेले हात आणि स्वच्छ नळी पुरते, हे जॅक लॅपिडस या अमेरिकन डॉक्टरांनी १९७२ साली दाखवलं. सुरुवातीला छोटा आरसा घ्या. भारतीय पद्धतीच्या संडासात एक पाय विटेवर ठेवला की दिसतं. वसईहून येणाऱ्या एक बाई पहिल्या दिवशी रडल्या होत्या, "हे माझ्याच्याने नाही व्हायचं." चौथ्या दिवशी त्यांनी आरसा परत दिला. बोटाने जागा कळायला लागली होती.

तुंबल्याची लक्षणं ओळखा: लघवीला जोर लावावा लागतो, धार बारीक, वारंवार थोडी थोडी, ओटीपोट टणक. ही चोरटी गोष्ट आहे. वारंवार जावं लागतंय म्हणून बाईला वाटतं इंजेक्शन लागू पडलं नाही, आणि प्रत्यक्षात मूत्राशय काठोकाठ भरलेलं असतं. म्हणून दोन आठवड्यांच्या आत सोनोग्राफीने आत किती उरते ते बघतात. ती तपासणी चुकवू नका, कितीही बरं वाटत असलं तरी. उरलेली लघवी २०० मिलीच्या वर आणि सोबत त्रास असेल तर नळी सुरू करतात. बहुतेकींना ती काही आठवड्यांनी सुटते.

आणि उन्हाळी?

लागू शकते, हा सगळ्यात जास्त दिसणारा त्रास. म्हणून इंजेक्शनच्या आधी-नंतर काही दिवस अँटिबायोटिक देतात. मधुमेह असेल तर शक्यता वाढते, साखर आटोक्यात आणूनच या. जळजळ, थंडी वाजून ताप, लघवीला वास, यातलं काही झालं तर कल्चर दिल्याशिवाय मेडिकलमधून गोळी घेऊ नका. गिळताना, बोलताना किंवा श्वास घेताना त्रास झाला तर सरळ कॅज्युअल्टीत जायचं. हे फार क्वचित होतं, पण थांबून बघायचं नसतं.

गुण कधी येतो आणि किती टिकतो?

काहींना तीन-चार दिवसांत, बऱ्याच जणींना दोन आठवड्यांत. साधारण सहा महिने टिकतो, काहींना नऊ. पुन्हा घ्यायचं तर मध्ये निदान बारा आठवडे जावे लागतात. घाई परतली की फोन करा, तारीख बघून घेऊ नका.

पूर्ण बरं होईन का?

२०१२ साली अमेरिकेत एक अभ्यास छापून आला. एका गटाला गोळ्या, दुसऱ्याला १०० युनिटचं इंजेक्शन. दोन्ही गटांत दिवसाला पाच वेळा होणारी गळती साधारण तीनने कमी झाली. गळती पूर्ण थांबलेल्या बायका मात्र गोळ्यांवर १३ टक्के, इंजेक्शनवर २७ टक्के. तोंड कोरडं पडणं गोळ्यांच्या गटात जास्त, आणि लघवीचा संसर्ग इंजेक्शनच्या गटात ३३ टक्के, गोळ्यांच्या १३. हे आकडे मी मुद्दाम देते. "एका सुईत सगळं बंद" असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण सात वेळा कपडे बदलणारी बाई दोन वेळा बदलायला लागते तेव्हा ती लग्नाला जाते, एसटीत बसते. तो फरक छोटा नाही.

कामावर कधी?

दुसऱ्या दिवशी, गुंगी घेतली नसेल तर. पहिल्या दिवशी लोकलची गर्दी टाळा.

खर्च, मेडिक्लेम, सरकारी योजना?

मोठा खर्च औषधाच्या बाटलीचा. ती २ ते ८ अंशांत ठेवावी लागते, म्हणून बाहेरून आणायला सांगितली तर बर्फाच्या डब्यातूनच आणा आणि बिल घ्या. मेडिक्लेमवाल्यांना 'बोटॉक्स' शब्द दिसला की ते सौंदर्योपचार समजतात. आधीच मंजुरी मागा आणि डॉक्टरांच्या पत्रात आजाराचं नाव, आधी घेतलेल्या गोळ्या आणि डायरी जोडा. महापालिकेच्या रुग्णालयात बाकीची प्रक्रिया नाममात्र खर्चात होते. योजनेत काय बसतं ते खिडकीवरच्या आरोग्यमित्राला तुमच्या कागदांसकट विचारा.

नळीची तयारी नाही. मग काय उरलं?

घोट्याजवळ बारीक सुई लावून मज्जातंतूला हलका विद्युतप्रवाह देतात. आठवड्यातून एकदा अर्धा तास, असे बारा आठवडे. लघवी तुंबण्याची भीती नाही, पण बारा फेऱ्या. दुसरा इलाज म्हणजे कंबरेखाली त्वचेच्या आत छोटं यंत्र बसवणं. ते महाग आहे, पण गुण वर्षानुवर्षं टिकू शकतो.

घरच्यांना सांगावं का?

निदान एकाला. रात्री अचानक लघवी तुंबली तर रिक्षा आणायला कुणीतरी लागतं. नवऱ्याशी संबंधांना या इंजेक्शनने कायमची बंदी नाही, दोन-चार दिवस जळजळ जाईपर्यंत थांबा.

मुंबईत कुठे दाखवायचं, आणि काय घेऊन?

परळचं केईएम, सायनचं लोकमान्य टिळक, मुंबई सेंट्रलचं नायर आणि भायखळ्याचं जे.जे., इथे मूत्रविकार म्हणजे युरोलॉजी विभाग आहेत. केसपेपर सकाळी काढावा लागतो, ओपीडीचे वार आधी विचारून घ्या. डायरी, जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत भरून आणा, नावं आठवत बसू नका. एक जादा सलवार किंवा परकर आणा. रांगेत उभं राहवत नसेल तर बाकावर बसा आणि नंबर आला की हाक मारायला सांगा, सिस्टर सांगतात. डॉक्टर पुरुष असतील आणि संकोच वाटत असेल तर सिस्टरला आत थांबायला सांगा. त्यासाठीच ती तिथे असते.